चारशे ठोके आणि मिरचीची चक्की

मी नंदुरबार स्टेशनावर तारबाबू होतो. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, महाराष्ट्र राज्य होऊन थोडाच काळ झाला होता, आणि स्टेशनाचा सगळा कारभार तारेच्या कडकट्टवर चालायचा. माझं गाव शहाद्याकडचं, कळसाडीजवळ. घरी कापूस आणि ऊस. भाऊ शेतीत राहिला, मी मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलो. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि मला चहासुद्धा धड करता येत नव्हता, म्हणून आई माझ्याकडे येऊन राहिली होती.

एका दुपारी डॉक्टर तार करायला खिडकीशी आले. ते गावातलेच. मुंबईच्या एका कॉलेजात संशोधन करत होते. त्यांचे वडील एक दिवस दुकानात गादीवर बसल्या बसल्या छातीत कळ येऊन गेले, तेव्हा ते आईपाशी परत आले आणि त्यांनी दवाखाना उघडला. एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. दवाखान्याच्या मागच्या खोलीत ते पांढरे उंदीर पाळतात हेही ठाऊक होतं, पण त्याविषयी लोक जरा हळू आवाजात बोलत.

मी त्या वेळी भुसावळकडून येणारा निरोप घेत होतो. यंत्र वाजत होतं, हात लिहीत होता आणि तोंडाने मी हमालाला पार्सलच्या टोपल्या कुठे ठेवायच्या ते सांगत होतो. डॉक्टर बघत उभे राहिले.

"तुम्ही बोलताय, मग ऐकतंय कोण?" त्यांनी विचारलं.

"सवयीनं होतं ते."

"मिनिटाला किती ठोके पडत असतील हे?"

"ठोके कोण मोजतं, साहेब? आम्ही शब्द मोजतो."

त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यासमोर धरलं. ओठ हलवत थोडा वेळ मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. "मला असाच माणूस हवाय," ते म्हणाले. "मिनिटाला चारशे मोजणारा."

"चारशे काय?"

"उंदराच्या हृदयाचे ठोके."

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता. मला गुरुवारी सुट्टी असते हे त्यांनी विचारून घेतलं, येत्या गुरुवारी सकाळी या म्हणाले आणि निघून गेले. अर्ध्या तासाने परत आले, कारण तार करायचीच राहिली होती.

गुरुवारी मी गेलो तो निव्वळ बघायला मिळेल म्हणून. मागची खोली लहान होती, पण स्वच्छ. एका भिंतीशी पिंजरे. प्रत्येक पिंजऱ्याला दोऱ्याने एक कागद बांधलेला, त्यावर वजन, खाणं, श्वास, ताप. हे काम सिस्टरचं. सिस्टर नवापूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावातून आलेली, वयाने डॉक्टरांपेक्षा मोठी, अंगाने काटक. दवाखान्यात रोगी माणूस असो की उंदीर, तिच्या शिस्तीत फरक नव्हता. मी पिंजऱ्यात बोट घालायला गेलो तर म्हणाली, "भेटायची वेळ संपली."

डॉक्टरांनी मला काम समजावून सांगितलं. उंदराला इथरने झोपवायचं. त्याच्या श्वासनळीत बारीक नळी घालून, रबरी फुग्याने त्याला बाहेरून श्वास द्यायचा. मग छाती उघडायची, हृदयावरची एक रक्तवाहिनी दोऱ्याने बांधायची, तेवढ्याच भागाचं रक्त बंद करायचं आणि छाती पुन्हा शिवायची. त्यानंतर ते हृदय आठवडा-दोन आठवड्यांत कसं सावरतं ते बघायचं.

"माझ्या वडिलांना जे झालं तेच," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "फक्त हे आम्ही मुद्दाम करतो आणि पुढे काय होतं ते बघतो."

अडचण अशी होती की एवढा सगळा खटाटोप चालू असताना उंदीर जगतोय की चाललाय हे कळायला हवं. सिस्टर श्वास द्यायची आणि त्याच्या पंजांचा रंग बघायची. गुलाबी असला तर ठीक, निळसर झाला की धोका. ताप बघायला बारीक थर्मामीटर होतं. थंड पडला की उंदीर जातो, म्हणून पत्र्याच्या ताटाखाली विजेचा दिवा लावलेला असे, आणि वीज गेली तर गरम पाणी भरलेल्या औषधाच्या बाटल्या तयार. पण ठोके कुणालाच मोजता येत नव्हते. सिस्टर दीडशेपर्यंत जायची, मग म्हणायची, "पुढे पाऊस पडल्यासारखं वाटतं."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोपच्या टोकाला शाई भरायचं छोटं नरसाळं बसवलं होतं. ते उंदराच्या पाठीला टेकवलं आणि कानाच्या नळ्या माझ्या हातात दिल्या. मी ऐकलं. आत कुणीतरी अतिशय घाईत निरोप पाठवत होतं, पण घाई असूनही हात साफ होता. एकही ठोका चुकत नव्हता. मी मनातल्या मनात आकडे म्हणायला लागलो तर जीभ अडखळली. मग मी आकडे सोडले. पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ठोक्याला कागदावर एक ठिपका देत गेलो. सिस्टरने घड्याळ बघून दहा सेकंदांनी "थांबा" म्हटलं. नंतर सावकाश ठिपके मोजले, पासष्ट भरले. सहाने गुणले.

"तीनशे नव्वद," मी म्हणालो.

डॉक्टर स्टुलावर बसले. बराच वेळ ते त्या ठिपक्यांकडे बघत होते.

त्या दिवशीचा उंदीर वाचला नाही. छाती उघडल्यावर ठोके मंद होत गेले, मग एक ठोका, मोठा खंड, आणखी एक, आणि मग काही नाही. आमच्या कामात लाइन तुटली की असाच सन्नाटा होतो, पण तेव्हा माणूस पाठवून दुरुस्ती करता येते. मी कानातल्या नळ्या काढल्याच नाहीत. सिस्टरने शेवटी स्वतः माझ्या कानातून त्या काढल्या, पिंजऱ्यावरचा कागद सोडला आणि त्यावर वेळ लिहिली.

तरी पुढच्या गुरुवारी मी गेलो. त्याच्या पुढच्याही. आईला हे कळायला वेळ लागला नाही.

"कोठे जाई ऱ्हायना?" तिने विचारलं.

"डॉक्टरकडे."

"काय व्हयनं तुले?"

"माले काही नही. उंदीरना ठोका मोजाना शेतस."

आई ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "तुन्हा भाऊ वावरमा उंदीरले औषध घाली ऱ्हायना," ती म्हणाली, "आन तू आठे त्यानी नाडी दखी ऱ्हायना. दोन्ही भाऊ एकदाव बठीसन काय ते ठराई ल्या."

ते ठरवायला आम्ही अजून बसलेलो नाही.

हळूहळू आमचं तिघांचं बसत गेलं. डॉक्टरांचा हात वेगवान झाला, सिस्टरचा फुग्यावरचा दाब एकसारखा झाला, आणि मी दर मिनिटाला आकडा सांगू लागलो. तीनशेच्या खाली आला की डॉक्टर हात थांबवत, सिस्टर दोन श्वास जरा मोठे देई, आकडा वर चढला की काम पुढे चालू. उंदीर वाचायला लागले. फक्त एकदा माझ्याकडून भलतंच झालं. आदल्या दिवशी दोन गाड्या रखडल्या होत्या आणि माझ्या कानात दिवसभराची कडकट्ट भरलेली होती. त्या उंदराचे ठोके थोडे अडखळत होते, तारेवर अक्षरं पडतात तसे लांब-आखूड पडत होते. डॉक्टरांनी आकडा विचारला. मी कागदाकडे पाहिलं तर ठिपके नव्हतेच. मी अक्षरं लिहिली होती.

"काय लिहिलंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाइन क्लिअर," मी म्हणालो. "गाडी येऊ द्या म्हणून."

डॉक्टर हसले नाहीत. ठोके लांब-आखूड पडताहेत म्हणजे हृदयाची लय बिघडली, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं आणि त्यांनी दोरा सैल केला. उंदीर वाचला. मात्र सिस्टरने त्याच्या कागदावर नियमाप्रमाणे सगळं जसंच्या तसं लिहिलं: 'सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी उंदराने लाइन क्लिअर दिली.'

डॉक्टरांनी आपल्या मुंबईच्या गुरूंना पत्राने आकडे कळवले. हे प्रोफेसर म्हणजे त्या विषयातले मोठे गृहस्थ. त्यांचं उत्तर आलं. बाकी काम उत्तम, पण ठोके कानाने मोजले हे आपल्याला मान्य नाही, माणसाच्या कानाला ते शक्य नाही, तेव्हा आपण स्वतः यंत्र घेऊन येत आहोत. दिवस बुधवारचा ठरला होता.

बुधवारी माझी ड्यूटी होती. मी स्टेशन मास्तरांकडे रजेचा अर्ज दिला. आमचे मास्तर कागदपत्रांच्या बाबतीत कडक. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचला.

"कारण लिहिलंय, शस्त्रक्रियेस हजर राहणे," ते म्हणाले. "कुणाची?"

मी खरं सांगितलं.

मास्तरांनी पेन टेबलावर ठेवलं. "घरातल्या माणसाची असेल तर मला रजा देता येते. इथं नातं लिहायची जागा आहे. काय लिहू?"

मास्तरांनीच पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी त्या जागी 'स्नेही' असं लिहिलं आणि सही केली. अर्ज परत देताना म्हणाले, "वाचला तर मला कळवा."

बुधवारी सकाळच्या गाडीने प्रोफेसर उतरले. उंच, गोरे, पांढरा कोट हातावर. त्यांच्यामागे लाकडी खोक्यात यंत्र. उंदराच्या अंगाला सुया लावायच्या, तारा जोडायच्या, मग लांब कागदाच्या पट्टीवर लेखणी आपोआप हृदयाचे ठोके काढत जाते. दवाखान्यात यंत्र मांडून होईपर्यंत दहा वाजले. उंदीर झोपवला, सुया लावल्या. छाती अजून उघडली नव्हती, त्याचा तोच श्वास घेत होता. लेखणी चालू लागली आणि कागदावर ठळक, एकसारखे दात उमटू लागले. बघायला सुंदर होते.

प्रोफेसरांनी पट्टीवर मोजपट्टी ठेवली. "दोनशे दहा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठिपके मोजले. "तीनशे शहाण्णव."

"पुन्हा मोजा."

पुन्हा मोजले. तीनशे शहाण्णव. यंत्राचे दोनशे दहा.

प्रोफेसर सभ्य माणूस. मला ते रागावले नाहीत. डॉक्टरांकडे वळून एवढंच म्हणाले, "यंत्राला थकवा येत नाही." डॉक्टरांचा चेहरा उतरला. चार महिन्यांचं काम त्या एका वाक्याने पाण्यात गेल्यासारखं झालं. मला तर माझ्या कानांचीच लाज वाटायला लागली. गाड्यांचे निरोप तरी मी बरोबर घेतो ना, असा विचार मनात येऊन गेला.

आता हे सांगायला हवं की दवाखान्याला लागून एक चक्की होती. सकाळी तिथे ज्वारी-गहू दळत आणि मिरचीच्या हंगामात दुपारी तिखट. त्या दिवशी गिऱ्हाईक जास्त असावं, कारण चक्कीवाल्याने सकाळीच मिरची टाकली. नंदुरबारच्या मिरचीची ओळख मी करून द्यायला नको. खिडकी बंद होती तरी फटीतून ती आली.

आधी प्रोफेसर शिंकले. ते एकदा शिंकून थांबणाऱ्यातले नव्हते. मला मोजायची सवय लागलेली होती, अकरा वेळा शिंकले. डॉक्टर हातमोजे घातलेले हात वर धरून, मान फिरवून, तोंड मिटून शिंक आत दाबत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कानात नळ्या असताना शिंकलो. तसं कुणी कधी करू नये. एवढंच म्हणतो की काही क्षण मला उंदीर, स्टेशन, काही ऐकू येईना. सिस्टरने नाकावरचा कपडा ओला करून घट्ट बांधला होता. तिने खोलीवरून एक नजर फिरवली.

"यांच्यात छाती कोण उघडणार?" ती म्हणाली आणि बाहेर गेली.

भिंत पातळ होती, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू आलं.

"चक्की थांबव," सिस्टर म्हणाली.

"कसाले?" चक्कीवाल्याचा आवाज.

"ऑपरेशन चालू आहे."

"कोनं?"

सिस्टर खोटं बोलत नसे. "उंदराचं."

तिथे दळणाला आलेल्या बायका हसल्याचं ऐकू आलं. चक्कीवाला म्हणाला, "मन्हा चक्कीमा एवढा उंदीर शेतस, त्यासले बी ली जा. त्यासनं बी करी टाक."

"तुझ्या दोन्ही पोरांच्या वेळी मला बोलावलंस," सिस्टर म्हणाली, "तेव्हा मी विचारलं होतं का, कोणाचं म्हणून?"

पलीकडचं हसणं थांबलं. मग पट्ट्याचा आवाज मंदावत मंदावत थांबला.

आणि त्याच क्षणी यंत्राच्या कागदावरचे दातही थांबले. लेखणी सरळ रेघ ओढायला लागली.

"गेला," प्रोफेसर नाक पुसत म्हणाले. "वाईट झालं."

"नाही गेला," मी म्हणालो. मला पुन्हा ऐकू यायला लागलं होतं. "चालू आहे. चारशेच्या आसपास आहे."

प्रोफेसरांनी यंत्राकडे पाहिलं, उंदराकडे पाहिलं. उंदराचं पोट वरखाली होत होतं, पंजे गुलाबी होते. त्यांनी पुढे होऊन माझ्या कानातल्या नळ्या घेतल्या आणि स्वतः ऐकलं. मग यंत्राचं एक बटण फिरवत गेले. त्या सरळ रेघेवर बारीक बारीक दात दिसू लागले, मुंगीच्या पायांएवढे. इतका वेळ ते मोठ्या दातांखाली दडपले गेले होते. प्रोफेसरांनी पट्टी फाडली, खिडकीशी नेऊन मोजली, खिशातून भिंग काढून पुन्हा मोजली.

"तीनशे चौऱ्याण्णव," ते म्हणाले.

सिस्टर परत आली तेव्हा प्रोफेसर पट्टीची घडी करत होते. ते म्हणाले, "म्हणजे इतका वेळ मी चक्कीचा कार्डिओग्राम काढत होतो."

चक्कीची मोटार आमच्याच विजेवर होती आणि पट्ट्याचे धक्के आमच्याच भिंतीतून टेबलापर्यंत येत होते. प्रोफेसरांनी ते नीट समजावून घेतलं, चक्कीच्या पट्ट्याचे सांधे किती हेही त्यांना जाणून घ्यायचं होतं, पण सिस्टर म्हणाली, "ते नंतर. बायका खोळंबल्या आहेत."

मग ऑपरेशन झालं. छाती उघडली, सिस्टरचा हात फुग्यावर लयीत चालू झाला. डॉक्टरांनी दोरा ओवला. मी आकडे सांगत होतो: तीनशे साठ, तीनशे तीस. दोरा आवळला तेव्हा दोनशे सत्तर. कुणी श्वास घेत नव्हतं, सिस्टर उंदराला देत होती तेवढाच. "दोनशे चाळीस," मी म्हणालो. डॉक्टर थांबले. पंजे निळसर दिसत होते. सिस्टरने दोन श्वास मोठे दिले, तिसरा दिला. भिंतीपलीकडून चक्कीवाल्याने ओरडून विचारलं, "व्हयनं का?"

"दोनशे ऐंशी," मी म्हणालो. "तीनशे वीस."

पंजे पुन्हा गुलाबी झाले. डॉक्टरांनी छाती शिवली. तासाभराने उंदीर उठून बसला, थोडा डुलला आणि पुढच्या दोन्ही पायांनी मिशा साफ करायला लागला. प्रोफेसर पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसले होते, पांढऱ्या कोटासकट. चक्की पुन्हा सुरू झाली तरी ते उठले नाहीत, नुसते शिंकत बघत राहिले.

संध्याकाळी स्टेशनावर मी मास्तरांना कळवलं, वाचला म्हणून. त्यांनी मान हलवली आणि रजिस्टरमध्ये लिहीत राहिले.

वर्षाच्या आत डॉक्टरांचा लेख परदेशातल्या एका मासिकात छापून आला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून त्यातला आमचा भाग मराठीत सांगितला. ठोके 'एका अनुभवी तारयंत्र कर्मचाऱ्याने' मोजले असं त्यात होतं. मला घरी जाऊन आईला कधी सांगतो असं झालं. मग डॉक्टर पुढचं वाक्य सांगताना घुटमळले. श्वास 'कृत्रिम श्वसनयंत्राने' दिला असं छापलेलं होतं.

"यंत्र कुठलं?" सिस्टरने विचारलं. "फुगा तर मी दाबत होते."

"ते छापणाऱ्यांनी बदललं असणार. मी नर्स लिहिलं होतं."

पुढचे पंधरा दिवस सिस्टर डॉक्टरांशी कामापुरतंच बोलली, आणि ते त्यांना इतकं जड गेलं की त्यांनी मासिकाला पत्र लिहिलं. मी ते गाडीच्या टपालाच्या डब्यात स्वतः नेऊन दिलं. बऱ्याच महिन्यांनी मासिकाच्या एका अंकात, शेवटच्या पानावर, अगदी बारीक अक्षरांत दुरुस्ती आली: अमुक पानावर 'यंत्र' असं आहे तिथे 'परिचारिका' असं वाचावं.

सिस्टर ते पान घेऊन सुट्टीत गावी गेली. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. परत आल्यावर तिने आम्हाला सांगितलं, की त्यांनी पान हातात घेतलं, उन्हात धरलं आणि यात काय लिहिलंय म्हणून विचारलं.

"मी मशीन नाही असं लिहिलंय, म्हटलं."

"मग ते काय म्हणाले?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणाले, एवढ्या लांबून कळवावं लागलं का."

त्यानंतर दीड वर्षाने माझी भुसावळला बदली झाली. तिथे स्टेशन मोठं, तारा पुष्कळ, गुरुवारची सुट्टी गेली आणि रविवारची मिळाली. आईने मुलगी बघितली, लग्न झालं. लग्नाला डॉक्टर आणि सिस्टर दोघंही आले होते. मांडवात वाजंत्री सुरू झाली तशी सिस्टर माझ्याजवळ येऊन कानाशी म्हणाली, "किती?"

मी म्हणालो, "मोजत नाहीये."